कुंकू लागलेली उमेदवार

रविवार, १२ मे १९९६. स्थळ आमचं तीर्थपुरीचं घर, पुढची खोली. रक्कम: प्रवेश मिळाला तर एकवीस हजार, नाही मिळाला तर एकाहत्तर हजार. हजर माणसं पाच: माझे सासरे, माझे मालक, मुलाचे वडील, मुलाचे मामा, आणि ज्यांनी हे स्थळ आणलं ते मास्तर. आम्ही बायका आतल्या दाराशी बसलो होतो, म्हणजे हजर धरायच्या नाहीत. पण ऐकायला सगळं येत होतं.

मुलगी म्हणजे माझी नणंद. वय एकोणीस, आदल्या वर्षी बारावी सायन्स झालेली. मेडिकलला लागतील एवढे मार्क नव्हते आणि असते तरी कोणी पाठवलं नसतं. जालन्याच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यानं त्या सुमारास दोन वर्षांचा वर्ग काढला होता. फॉर्मवर 'फिजिशियन असिस्टंट' असं होतं, लोक 'हाफ डॉक्टर' म्हणत. पेशंटची सगळी हकीकत विचारून लिहून घ्यायची, लहान जखम शिवायची, प्लास्टर घालायचं, ऑपरेशनमध्ये डॉक्टरच्या समोर उभं राहायचं. नंतर ट्रस्टच खेड्यातल्या दवाखान्यावर नेमणूक देणार होती. अटी चार. बारावी सायन्स, कोणत्याही दवाखान्यात सहा महिने काम केल्याचा अनुभव, तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी, आणि वर्ग संपेपर्यंत लग्न न करण्याचं लेखी वचन. मग मुलाखत. अर्जासोबत तीनशे रुपये अनामत, प्रवेश न मिळाल्यास परत.

तिला हे का हवंय, मी एकदा विचारलं होतं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "वैनी, डॉक्टर होणं आपल्या बसचं न्हाई. पण डॉक्टरच्या बाजूला उभं राहणं जमंल."

बैठकीत हुंडा हा शब्द कोणी उच्चारला नाही. मुलाच्या वडिलांचं घनसावंगीला औषधाचं दुकान. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "देण्याघेण्याचं आमच्यात काही न्हाई. मानपानाचं तेवढं बोलू."

"बोला ना," सासरे म्हणाले.

"पोरगी हे शिकून आली तर मी दुकानाच्या मागं खोली काढतो. डॉक्टर ठेवायला परवडत न्हाई बघा. महिन्याला पाच हजार मागतो अन् दुपारचा झोपतो. घरची सून झोपत न्हाई."

मामा हसले. मास्तर हसले. आत माझ्या सासूबाईसुद्धा हसल्या.

"तर मंग शिकलेली सून असंल तर एकवीस. वर्गाची फी पण माझ्याकडं. दोन वर्षं थांबतो, मंग लगन."

माझ्या मालकांनी विचारलं, "अन् प्रवेश नाही मिळाला तर?"

"मंग साधी सून. साध्या सुनेचे एक्कावन. अन् वीस थांबल्याचे."

"थांबल्याचे?"

"निकाल लागेपर्यंत आम्ही दुसरं स्थळ बघणार न्हाई. पोरगं सव्वीसचं हाय. थांबण्याला खर्चा असतो, दाजी."

सासरे खाली बघत बोटांवर काहीतरी मोजत राहिले. फी वाचणार होती, वर तीस हजार वाचणार होते. शिवाय मुलगी हुशार आहे, प्रवेश मिळणारच, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी मान हलवली. माझी नणंद माझ्या शेजारी बसून हे सगळं ऐकत होती. तिच्या कानात एवढंच राहिलं की फॉर्म भरायला आता कोणी अडवणार नाही. माझ्या मांडीवर हात ठेवून ती म्हणाली, "होईल, वैनी."

पुढच्या शुक्रवारी कुंकू लागलं. आमच्याकडे कुंकू लावणं म्हणजे अर्धं लग्नच. मुलीला साडी, नारळ, पाच बायकांनी कुंकू लावायचं, आणि त्या घडीपासून मुलाचे आईबाप तिचे सासू-सासरे. मी जालन्याला फॉर्म आणायला गेले तेव्हा खिडकीवरच्या क्लार्कला मुद्दाम विचारलं, की कुंकू लागलेलं असेल तर चालतं का. तो म्हणाला, "बाई, लग्न नको. बाकी आम्हाला काय करायचंय."

म्हणजे नियमात बसत होतं. ते मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

जूनपासून ती गावातल्याच एका डॉक्टरकडे अनुभवासाठी जायला लागली. सकाळी नऊ ते दुपारी दोन, परत संध्याकाळी. पगार नाही. डॉक्टर म्हणाले होते, "शिकायला येतेस, मग पगार कशाचा? खरं तर मीच घ्यायला पाहिजे." सुया उकळणं, मलमपट्टी, नाडी मोजणं, ताप बघणं, सुई देणं हे ती महिन्याभरात शिकली. डॉक्टरीणबाईंनी तिला मेथी निवडायलाही शिकवलं. एकदा मी डबा घेऊन गेले तर ही मागच्या ओट्यावर बसून लसूण सोलत होती आणि आत एक बाई मुलाचा भाजलेला हात धरून कधीची उभी होती. मी म्हणाले, तिला आधी बघ. ती म्हणाली, "बाईंनी सांगितलंय आधी हे कर."

सहा महिने भरल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. मी वाचली. दोन ओळी होत्या. सदर मुलगी आमच्याकडे सहा महिने होती. मुलगी आज्ञाधारक आहे. मी जाऊन विचारलं, की नाडी, सुई, मलमपट्टी, तिला येतं त्यातलं काही लिहाल का. ते म्हणाले, "यापेक्षा चांगलं काय लिहायचं असतं मुलीबद्दल?"

घरात दोन शिकवण्या चालू होत्या. पहिली माझी, रात्रीची भांडी झाल्यावर. मी मुलाखत घ्यायची आणि ती खुर्चीवर बसून उत्तर द्यायची. पाठ सरळ, नजर समोर, आवाज दारापर्यंत गेला पाहिजे. "एक बाई बेशुद्ध पडली. तू एकटीच आहेस. काय करशील?" सुरुवातीला ती लाजायची, खुर्चीच्या कडेवर बसायची. दिवाळीपर्यंत इतकी तयार झाली की मालक म्हणाले, "हिला आता डॉक्टरच विचारायला घाबरंल."

दुसरी शिकवणी सासूबाईंची. कुंकू लागलेल्या मुलीनं सासऱ्यासमोर कसं वागायचं. ओढणी डोक्यावर, कपाळाच्या खाली. सासरा आला की उठायचं, तो असेपर्यंत बसायचं नाही. त्याच्यासमोर बोलायचं नाही, त्यानं विचारलं तरी दुसऱ्याच्या तोंडून उत्तर द्यायचं. पैसा, पान, पाणी हातात नाही द्यायचं, समोर खाली ठेवायचं. व्याही, म्हणजे मुलाचे वडील, दर पंधरा दिवसांनी आठवडी बाजाराला आमच्याकडे येत, म्हणजे सराव भरपूर व्हायचा. पहिल्यांदा ते आले तेव्हा ही पुस्तक घेऊन ओसरीवर बसली होती आणि उठायला जरा उशीर झाला. सासूबाईंनी ते गेल्यावर तिच्या पिंडरीवर लाटण्यानं मारलं. जोरात नाही, पण लाटणं आत ठेवताना म्हणाल्या, "पायाला लवकर कळतं."

दोन्ही शिकवण्या ती चांगली शिकली. तिची आकलनशक्ती चांगलीच होती.

डिसेंबरात मुलाखतीचं पत्र आलं. मालकांचं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान, मुलाखतीचा दिवस बाजाराचा, म्हणून मी गेले सोबत. पहाटेची एसटी, अंबडला बदली, जालन्याला साडेनऊ. तिनं पांढरा पंजाबी ड्रेस घातला होता, दवाखान्यात जायचा तोच, इस्त्री करून.  अंबडच्या स्टँडवर म्हणाली, "वैनी, मी शिकून आल्यावर तुम्हाला बीपी बघायला शिकवते."

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकं होती. तीस-बत्तीस मुलंमुली असतील, जागा बारा. मुलाखतीच्या खोलीला दाराऐवजी हिरवा पडदा, तोही पंख्यानं हलणारा. त्यामुळे बाकावरून आतलं अर्धं दिसायचं आणि बहुतेक ऐकू यायचं. आत तिघं होते: एक वयस्कर डॉक्टर, एक डॉक्टरबाई, आणि कागद सांभाळणारे एक गृहस्थ.

तिचा नंबर सातवा. आत जाऊन तिनं नमस्कार केला आणि खुर्चीवर पूर्ण बसली, कडेवर नाही. बारावीचं काहीतरी विचारलं, तिनं सांगितलं. दवाखान्यात काय केलंस विचारलं, तिनं लसूण सोडून बाकी सगळं सांगितलं. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "समज, शेतात एका बाईला साप चावला. गाडी यायला दोन तास आहेत. तू काय करशील?"

माझ्या हातातली पिशवी मी घट्ट धरली, कारण हे आम्ही केलेलं होतं. तिचा आवाज बाकापर्यंत येत होता. हलवायचं नाही, पाय हृदयाच्या खाली, दागिने काढायचे, कापायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. ती सांगत होती आणि वयस्कर डॉक्टर मान हलवत होते.

तेवढ्यात व्हरांड्याच्या पायऱ्यांवर व्याही आले. घनसावंगीहून जीप करून आले होते, सोबत ओळखीचे दोघं. मी उभी राहिले, पदर घेतला. ते माझ्याकडे न बघता दारावरच्या शिपायाला म्हणाले, "आमची पोरगी हाय आत. जरा साहेबांची गाठ घ्यायचीय."

"मुलाखत चालू आहे," शिपाई म्हणाला.

"अरे मी तिचा सासरा हाय. औषधाच्या लाइनीतला माणूस हाय. दोन मिनिटं." आणि पडदा बाजूला करून ते आत गेले.

मुद्दाम केलं का, हे मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. मला तसं वाटत नाही. प्रवेश हुकला तर आपल्याला पन्नास हजार जास्त मिळतील, असा हिशोब त्यांच्या डोक्यात त्या वेळी नसावा. बंद दाराच्या बाहेर उभं राहणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, एवढंच.

ते आत गेले आणि ती उठली. वाक्य अर्धं राहिलं. ओढणी तिनं डोक्यावरून ओढली, कपाळाच्या खाली, आणि भिंतीकडे सरकून उभी राहिली.

"नमस्कार साहेब," व्याही म्हणाले. "ही आपल्याच घरची पोर समजा. घनसावंगीला माझं दुकान हाय."

डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, "बस. तुझं उत्तर चालू होतं."

ती बसली नाही.

"हे कोण तुझे?"

ती बोलली नाही.

"सासरा," व्याहीच म्हणाले.

"अर्जात तर लग्न झालं नाही असं लिहिलंय."

"लगन कुठं झालंय मॅडम? कुंकू लागलंय. लगन दोन वर्षांनी. आमच्यात कुंकू लागलं म्हणजे सासराच."

डॉक्टरबाईंनी त्यांना बाहेर जायला सांगितलं. ते गेले, म्हणजे पडद्याच्या अलीकडे येऊन उभे राहिले, एक हात पडद्याला धरून. आतून ते दिसत होते. "बोल, बोल," ते म्हणाले. "मी हाय इथंच."

मी पुढं होऊन म्हणाले, "तुम्ही खाली चला, ती तुमच्यासमोर बोलणार न्हाई."

ते माझ्यावर हसले. "मी सांगतोय ना बोल म्हणून. सासऱ्याची परवानगी असल्यावर काय अडचण?"

आत वयस्कर डॉक्टरांनी नरम आवाजात विचारलं, "बेटा, तोंडानं ओढायचं नाही, इथपर्यंत तू आलीस. पुढं?"

तिची ओढणी हनुवटीपर्यंत आली होती. मला तिचे फक्त हात दिसत होते. ते एकमेकांत अडकवलेले.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. चिडून नाही, सरळच विचारलं. "उद्या तू खेड्यात जाशील. बाई पेशंट असेल आणि दारात तिचा सासरा उभा असेल. रोज असेल. तू तिच्याशी बोलणार नाहीस का?"

 त्यांनी समोरचा कागद उचलला, तीच दोन ओळींची चिठ्ठी, आणि शेजारच्या डॉक्टरांना दाखवली. "आज्ञाधारक आहे, असं लिहिलंय. बरोबर लिहिलंय."

मग पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं. व्याही खाली जाताना सोबतच्या दोघांना म्हणाले, "झालं काम. मी भेटलो त्यांना."

परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली. अंबड गेल्यावर म्हणाली, "वैनी, पुढं बाईला बोलतं ठेवायचं. हे मला येत होतं."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

निकाल जानेवारीत लागला आणि त्याच आठवड्यात दुसरी बैठक बसली. माणसं तीच पाच. मालक त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलले. "तुम्ही आत गेले म्हणून गेलं. एकाहत्तर कशाचे?"

"मी तिच्याच भल्यासाठी गेल्तो. जीपचा खर्चा करून गेल्तो. पोरगी बोलली न्हाई, त्यात माझा काय कसूर? मी बोल म्हटलं का न्हाई? विचारा तुमच्या घरच्या बाईला."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. मी आतून म्हणाले, "म्हटलं होतं."

"मंग?"

मास्तर म्हणाले, "ठरलं ते ठरलं. प्रवेश मिळाला तर, न मिळाला तर, असं बोलणं होतं. कशानं न मिळाला, असं बोलणं नव्हतं."

हे मात्र खरं होतं. मीच ऐकलं होतं.

नणंदेनं माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं आणि मी ते दारातून पुढे सांगितलं, की पुढच्या वर्षी परत अर्ज करता येतो, ती विचारतेय. व्याही दाराकडे न बघता मास्तरांना म्हणाले, "सांगा तिला, पोरगं म्हातारं होईल. अन् थांबल्याचे परत वीस वाढतील, चालंल का?" मामा परत हसले.

सासऱ्यांनी हळूच विचारलं, की मोडलं तर. त्यावर आतून सासूबाई बोलल्या, सहसा त्या पुरुषांच्या बैठकीत बोलत नसत. "कुंकू लागलेली पोर घरात ठेवू का मी? अन् कशासाठी मोडायचं? माझ्या लेकीनं एवढ्या मोठ्या साहेबांसमोर रीत सोडली न्हाई. असली सून त्यान्ला कुठं मिळणार?"

"हेच म्हणतो मी," व्याही म्हणाले. "म्हणून तर मोडत न्हाई."

कापसाचे आलेले पैसे, दुकानातला टायरट्यूबचा माल, आणि मालकांच्या मित्राकडून पंधरा, असे एकाहत्तर जमले. एप्रिलात लग्न झालं. जेवणं चांगली झाली, असं लोक म्हणाले.

जूनमध्ये आमच्या पोस्टमननं मनिऑर्डर आणली. ट्रस्टनं तीनशे अनामत परत पाठवली होती, तिच्या माहेरच्या नावानं. पोस्टमन ओळखीचा, त्यानं माझी सही घेऊन पैसे दिले. पैसे तिचे होते. फॉर्म भरायच्या वेळी आम्ही दोघींनी भाजी विकून, अंडी विकून ते साठवले होते. दुसऱ्याच दिवशी मी जीपनं घनसावंगीला गेले.

दुकानाच्या मागं खरंच खोली काढली होती. एक लोखंडी खाट, सलाइनची बाटली टांगायला खिळा, स्टूल. ती स्टुलावर बसून एका म्हातारीला सुई देत होती. लग्नातल्याच हिरव्या बांगड्या, डोक्यावर पदर. व्याह्यांनी दुकानातून गिऱ्हाइकाला सांगितलेलं मला बाहेरच ऐकू आलं होतं: "आमची सून दवाखान्याचं शिकलेली हाय. मागं जा. वीस रुपये."

मी विचारलं, सगळं येतं का तुला हे. ती म्हणाली, "सहा महिन्यांत जेवढं आलं तेवढं येतं. त्याच्या पुढचं आलं की मी न्हाई म्हणते." मग म्हणाली, "म्हणजे मान हलवते. मामंजी दुकानात असले की इथून दिसतात." मधलं दार काढून टाकलं होतं, औषधं पटकन देता यावीत म्हणून. म्हातारीनं विचारलं, पोरी, ताप किती हाय. तिनं दुकानाकडे बघितलं आणि बोटं दाखवली. एक, शून्य, दोन. म्हातारीला कळलं नाही. तिनं परत दाखवली.

मी तीनशे रुपये तिच्या हातात दिले आणि कशाचे ते सांगितलं. तिनं ते मुठीत धरले. त्या वेळी तिच्या तोंडावर काहीतरी आलं होतं, जालन्याला जाताना अंबडच्या स्टँडवर होतं तसं. ती म्हणाली, "वैनी, फॉर्म कधी निघतो..."

व्याही मधल्या उंबऱ्यात आले होते. ती उठली. पदर खाली आला.

"कशाचे पैसे?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. जे खरं होतं तेच सांगितलं.

"बरं झालं आठवण झाली," ते म्हणाले. "त्या दिवशीची जीप साडेतीनशेला केल्ती. ते बोलण्यात राह्यलंच. मी मागत न्हाई, पण तिच्याच कामाला गेल्तो ना."

मी तिच्याकडे बघितलं. पदराखालून मला तिची फक्त हनुवटी दिसत होती. ती माझ्याकडे वळली, माझ्या पिशवीकडे. मी पन्नासची नोट काढून तिच्या मुठीत दिली. सासऱ्याच्या हातात सुनेनं पैसे द्यायचे नसतात. ती पुढं आली, वाकली, आणि नोटा उंबऱ्यावर त्यांच्या पायाशी ठेवल्या. त्यांनी उचलून मोजल्या आणि शर्टाच्या खिशात, पेनांच्या मागे घातल्या.

एकूण दिलेले: एकाहत्तर हजार आमच्या घरचे, तीनशे तिच्या अनामतीचे, पन्नास माझे. घेणारे, तिन्ही रकमांचे, तेच.